तीन आर्किटेक्ट आणि चार चादरी

माझ्या देवघराच्या जागी पुरुषांची मुतारी होणार, ही बातमी मला एका परक्या माणसानं माझ्याच हातची भाकरी खाताना दिली. तेव्हापासून कुणी आर्किटेक्ट म्हणून ओळख करून दिली की आधी माझं डोकं तापतं, मग मी नमस्कार करते. माणसं वाईट नसतात हो, मला कळतं. पण जो माणूस तुमच्या घरात शिरताना चपला काढायच्या आत छताकडे बघतो, त्याच्याशी प्रेमानं वागायचं कसं?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आमचे हे तेव्हा सोलापुरात एका छोट्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. लग्न ठरताना हा शब्द ऐकून माझ्या वडिलांना वाटलं होतं, जावई पोलिसात आहे. संग्रहालय म्हणजे कुणा साहेबानं बांधलेला जुना बंगला. वर मंगलोरी कौलं, आत वीरगळ, नाक तुटलेले देव, गंजलेल्या तलवारी आणि पेंढा भरलेली एक सुसर. गाव त्याला अजबखाना म्हणायचं. टांगेवाल्याला 'संग्रहालय' म्हटलं तर तो तोंडाकडे बघत राहायचा.

बंगल्याच्या पाठीला चिकटून माळवदाच्या दोन खोल्या होत्या, त्यांत आम्ही राहायचो. पुढच्या खोलीत झोपायचं, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि तिथल्याच कोनाड्यात देव. माळवद म्हणजे तुळयांवर माती घालून केलेलं सपाट छप्पर. सोलापूरच्या उन्हात त्याच्याखाली असा गारवा की दुपारी शेजारणी निवडायचं धान्य घेऊन माझ्याकडे यायच्या. पावसात ते गळायचं, पण सोलापुरात पाऊस तो पडतो किती? ह्यांच्या पगारात गावात भाड्याची जागा घ्यायचं नावच नको. ह्या खोल्या गेल्या असत्या तर मी तान्ह्या मुलीला घेऊन बार्शीला माहेरी आणि हे सुसरीशेजारी सतरंजीवर, असाच संसार झाला असता. दुसरी जागा परवडणार नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं, म्हणून त्या खोल्यांवर माझा जीव होता.

संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष सुताचे मोठे व्यापारी. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. घरात कानडी, दुकानात मराठी, मागवाल्यांशी तेलुगू. माणूस मोठ्या मनाचा, पण एक खोड होती, सत्काराची. गावात बाहेरचा माणूस आला आणि मोकळ्या खांद्यानं परत गेला, असं मालकांनी कधी होऊ दिलं नाही. चादर, नारळ, फेटा. त्यासाठी दुकानाच्या कपाटात चादरींची थप्पीच तयार असायची. आणि वर भाषण. भाषण एकच. फार पूर्वी कुणा मास्तरांनी लिहून दिलेलं, मालकांनी पाठ केलेलं. एरवी 'हाय-न्हाई' बोलणारा हा माणूस माईकसमोर उभा राहिला की छापील मराठीत म्हणायचा, "आजपासून तुम्ही आमचे झालात. ही वास्तू तुमच्या हाती दिली. सांभाळा." नव्या फौजदाराला हेच, डोळे तपासायला आलेल्या डॉक्टरला हेच. एकदा तालमीत पैलवानालाही हेच ऐकवलं. तिथं लाल माती सोडून वास्तू कुठली होती, कुणी विचारलं नाही.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मालकांच्या बायकोनं माझी ओटी भरली आणि मालकांनी माझ्या हातात मोरांची निळी-लाल चादर ठेवली. मग घसा खाकरला. "आजपासून तुम्ही आमच्या झालात. ही वास्तू तुमच्या हाती दिली. सांभाळा." मी घाबरून सुसरीकडे बघितलं. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकं माझ्या सासरी अकलूजला कुणी म्हटलं नव्हतं. पुढं मुलगी झाली तेव्हा त्याच चादरीची झोळी केली.

तर, बंगल्याची कौलं फुटायला आली, भिंतींना ओल धरली, आणि मालकांनी खेटे घालघालून सरकारकडून दुरुस्तीचं अनुदान मिळवलं. अट एकच. आधी जाणकार वास्तुसल्लागार नेमा, मग कामाला हात लावा. समितीनं ठरवलं, तिघांना बोलवू, जागा दाखवू, आणि मग बसून एकाला नेमू. तिघं वेगवेगळ्या रविवारी येणार. जेवणाची सोय कुणाकडे? माझ्याकडे. समितीत एवढे शेटजी होते, पण एकाच्याही घरात त्या रविवारी चूल पेटणार नव्हती बहुतेक.

पहिले आले ते पुण्याचे. इस्त्रीचा शर्ट, कानामागे पेन्सिल, बोलणं मोजून मापून. मी म्हटलं, माणसाचं पोट खूश ठेवलं की तोडफोड करताना त्याचा हात आखडतो. शेंगांची चटणी, कडक भाकरी, वांग्याची भाजी, वर दही. गृहस्थ मन लावून जेवले. "वहिनी, चटणी उत्तम," म्हणाले. मी मनात म्हटलं, वाचलो. तेवढ्यात उरलेल्या भाकरीच्या तुकड्यानं देवघराकडे खूण करून म्हणाले, "ही मधली भिंत काढली की प्रसाधनगृह छान बसेल इथे. बायकांचं खिडकीकडे, पुरुषांचं त्या कोनाड्याच्या बाजूला."

माझ्या हातातलं दह्याचं भांडं तसंच राहिलं. कोनाड्यात माझा बाळकृष्ण बसलेला! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भातात ताक कालवत होते. कालवायला काही उरलं नव्हतं, तरी कालवत होते.

संध्याकाळी मोठ्या दालनात सत्कार. चादर, नारळ, फेटा आणि ते भाषण. "ही वास्तू तुमच्या हाती दिली" म्हटल्यावर पुणेकरांचा चेहराच बदलला. ते उठून म्हणाले, "इतक्या तत्परतेनं निर्णय घेणारी समिती मी आजवर पाहिली नाही." सगळ्यांना वाटलं, पुण्याचा माणूस आहे, गोड बोलतोय. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. "माझ्या देवांना मुतारीत बसवणार तो, आणि तुम्ही ताक कालवता?"

"अगं, अजून नेमलंय कुठं त्यांना? समिती ठरवेल."

समिती ठरवेल! आमच्या लग्नानंतर ह्यांनी स्वतः ठरवलेली एक गोष्ट मला दाखवा.

दुसरे आले कोल्हापूरचे. आडदांड शरीर, आवाज असा की तलवारी खुंटीवर हलल्या. ह्या वेळी मी डाव बदलला. आमटीत तिखट असं घातलं की परतताना मलाच ठसका लागला. म्हटलं, जळू दे घसा, लवकर उठेल. त्यांनी दोन वाट्या ओरपल्या आणि म्हणाले, "वैनी, जरा झणझणीत असं काय असंल तर द्या की ओ." कोल्हापूरचा माणूस! माझी अक्कल कुठं गेली होती देव जाणे. जेवण झाल्यावर मागच्या अंगणात उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले. "हे सगळं मोकळं करून टाकायचं. खुला रंगमंच! व्याख्यानं, पोवाडे, नाटकं!" सगळं म्हणजे मी, मुलगी, चूल आणि तुळस.

त्यांचाही सत्कार झाला. भाषण संपताच त्यांनी मालकांना मिठीच मारली. "मालक, शब्द दिला न्हवं? आता मागं हटायचं न्हाई." मालकांचा श्वास मिठीत अडकला होता, तरी ते खुशीत मान हलवत राहिले. मान हलवली की कोल्हापूरकरांनी आणखी आवळायचं.

तिसरा आमच्याच गावचा. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला तरुण पोरगा, मुंबईला शिकून आलेला, स्कूटरवर फिरणारा. त्याला मी जेवण दिलं नाही. दोघांना जेवू घालून काय हाती लागलं होतं? नुसता चहा दिला. तो मागच्या खोलीत आला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "काय गार हाय हो हितं! असलं माळवद आता कोण बांधतंय?" मला भरून आलं. म्हटलं, आपला माणूस तो आपला. मी बशीत दोन बिस्किटं ठेवली. बिस्किट तोंडात टाकून तो म्हणाला, "जुने शालू-पैठण्या ठेवायला असलीच खोली लागती. हितं कोठार करू." मी उरलेलं बिस्किट उचलून आत नेलं.

त्याचाही सत्कार! गावातला पोरगा, रोज दिसणारा, त्याला फेटा! चादर अंगावर पडल्यावर त्यानं काठ उलटा करून बघितला आणि मालकांना म्हणाला, "आमच्या काकाच्या मागावरची हाय ही." मालक गहिवरले. दुप्पट जोरानं म्हणाले, "आजपासून तुम्ही आमचे झालात."

आता समितीनं बसून एकाला नेमायचं, एवढंच उरलं होतं. समिती काही बसेना. कुणाच्या घरी लग्न, कुणाचा माल अडकलेला. आणि एका सोमवारी, संग्रहालय बंद असायचा तो वार, मी अंगणात शेंगा कुटत होते तर दालनातून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले.

दालनात तीन फिती पसरल्या होत्या. पुणेकर रेल्वेनं दोन माणसं घेऊन आले होते आणि दारापासून मोजत होते. कोल्हापूरकर जीप घेऊन आले होते, ते खिडकीपासून मोजत होते. आमचा स्कूटरवाला चुलतभावाला घेऊन सुसरीपासून मोजत होता. मधोमध तिन्ही फिती एकमेकींत अडकल्या होत्या आणि हे त्या सोडवत बसले होते.

"अहो, काम माझ्याकडे आहे," पुणेकर सांगत होते. "माझी रीतसर नेमणूक झालीये."

"कवा?" कोल्हापूरकर.

"इथेच! भर सभेत! अध्यक्षांनी वास्तू माझ्या हाती दिली."

"आन् मला काय दिलं मग? मलाबी तीच दिली!"

"मला तर काकाच्या चादरीसकट दिली," स्कूटरवाला म्हणाला.

पुणेकरांनी पुरावा म्हणून पिशवीतून चादर काढली. रात्रीच्या गाडीत पांघरायला आणली होती. कोल्हापूरकरांची जीपच्या सीटवर होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी बघायला आलेल्या माणसांना पोहे देऊन वाटेला लावतात. आमच्या मालकांनी बघायला आलेल्या प्रत्येकाचा साखरपुडा करून पाठवला होता!

मालकांना बोलावलं. ते आले, तिघांना बघितलं आणि "यप्पा!" म्हणून सुसरीच्या चौथऱ्यावरच बसले. हे त्यांच्या कानाशी लागले. "मालक, स्पष्ट सांगून टाका, अजून कुणालाच नेमलेलं नाही."

"कसं सांगू?" मालक कुजबुजले. "चादर घातली की वो मी त्यांच्या अंगावर. चार लोकांत घातली. आता न्हाई म्हनू? सोलापुरात चादर घालून कुनी माघार घेतलीया का आजवर?"

तोवर तिघांचं जुंपलं होतं. पुणेकरांना कौलं ठेवायची होती. कोल्हापूरकरांना कौलं काढून स्लॅब टाकायचा होता. स्कूटरवाल्याला पुढं स्लॅब आणि मागं कौलं पाहिजे होती. एकानं 'खांब' म्हटलं की दुसऱ्यानं 'कमान' म्हणायचं. शेवटी मालक हात जोडून म्हणाले, "बाबांनो, एका तरी गोष्टीवर तुमचं जमतंय का?"

"जमतंय की," कोल्हापूरकर म्हणाले. "मागच्या दोन खोल्या काढायच्या."

"काढायच्या न्हाईत, रिकाम्या करायच्या," स्कूटरवाला.

"एकच झालं ते," पुणेकर.

मालकांच्या जिवात जीव आला. "मग झालं तर! तेवढ्यापासनं करा सुरुवात. बाकीचं मागनं बघू."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती अशी. तीन शिकलेली माणसं तासभर भांडतात, आणि त्यांची दिलजमाई कशावर, तर माझ्या चुलीवर! मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या हातात अजून फितीची गाठ. मी तरातरा घरात गेले. मुलगी झोळीत झोपली होती. तिला उचलून काखेत मारलं, झोळी सोडली, ती किंचाळायला लागली, आणि तशीच रडती पोर आणि ती मोरांची चादर घेऊन मी दालनात आले. हाताला शेंगांचा कूट, कपाळावर घाम.

"मालक," मी म्हटलं, "ही ओळखता?"

मालकांनी मान वर केली.

"लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दिलीत. आणि काय म्हणालात? ही वास्तू तुमच्या हाती दिली, सांभाळा. म्हणालात का नाही?"

"म्हनालो व्हतो."

"त्या बोलण्यानं ह्या तिघांची नेमणूक होत असेल, तर माझी ह्यांच्या आधी झालीय. सांभाळली मी वास्तू! ह्या सुसरीवरची धूळ कोण झटकतं? वटवाघळं कोण हाकलतं? दुष्काळात लांबून पाणी आणलं, तेव्हा आधी तुमच्या पाहुण्यांचा माठ भरला आणि मग माझी घागर. आता मला न विचारता इथली एक वीट हलायची नाही. हलवायची असेल तर आधी ही चादर परत घ्या, चार लोकांत घ्या, आणि मग माझ्या पोरीला घेऊन मी कुठं जायचं तेही चार लोकांत सांगा!"

शेवटचं बोलताना माझा आवाज फुटला. मला रडायचं नव्हतं, पण रडले. पोर आधीपासून रडतच होती. हे म्हणाले, "अगं..."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. ते त्यांना चांगलं जमायचं.

मालक उठले. चादर हातात घेतली, बोटांत काठ चोळला. आधी व्यापारी बोलला, "रंग धरून हाय की अजून." मग चादरीची घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात परत दिली आणि तिघांकडे वळले. "वैनींची चादर पहिली. मी शब्द दिला व्हता, आन् मीच इसरलो. आता वैनी म्हनतील त्याला काम."

म्हणजे सल्लागार मी नेमायचा! चौथी पास झालेले सरपंच बघितले होते, पण हे म्हणजे फारच झालं. पण मी काही मागं हटले नाही. पोरीला ह्यांच्याकडे दिलं आणि तिघांना एकच विचारलं, "माझं देवघर कुठं?"

कोल्हापूरकर म्हणाले, "वैनी, तुमाला रंगमंचासमोर पयल्या रांगेत कायमची खुर्ची!" स्कूटरवाला म्हणाला, "राहा की कोठारातच, आमची काय ना न्हाई." पुणेकरांनी नकाशा जमिनीवर पसरला, गुडघ्यांवर बसले, इस्त्रीच्या पँटला धूळ लागली तरी बसले, खिशातून खोडरबर काढलं आणि मुतारी खोडली. मग वर बघून म्हणाले, "वहिनी, खरं सांगतो, मी कोनाडा बघितला. त्यात देव आहेत हे बघितलंच नाही."

"हेच," मी मालकांना म्हटलं. "ह्यांना नेमा."

ज्यानं देवघरात मुतारी आखली त्यालाच काम का दिलं, म्हणून शेजारणींनी मला पुढं कितीतरी दिवस छळलं. पण खोडरबर तिघांपैकी त्या एकाच माणसाच्या खिशात होतं, आणि ते वापरायची त्याला लाज नव्हती. मालकांनी बाकीच्या दोघांनाही दुखावलं नाही. कोल्हापूरकरांना आपलं सुताचं नवं गोदाम दिलं, स्कूटरवाल्याला राहत्या घरावरचा मजला. आणि काम दिलं म्हणून दोघांचा पुन्हा सत्कार केला.

आता पुढचं ऐका. पुणेकरांनी नव्या नकाशात आमच्या दोन खोल्या पांढऱ्या सोडल्या आणि वर लिहिलं, 'हात लावू नये.' गवंडी-सुतारांनी ते इतकं पाळलं की बंगल्याला नवी कौलं आली, भिंतींना चुना आला, सुसरीला काचेची पेटी आली, आणि आमच्या माळवदावर कुणी मातीचं एक घमेलं टाकलं नाही. वर बंगल्याच्या नव्या पन्हळीचं पाणी नेमकं आमच्या छपरावर. त्या वर्षी सोलापुरात पाऊसही असा पडला की कायम कोरड्या सांगोल्याकडची माणसंही हसत फिरत होती म्हणे. मी पातेली मांडत घरभर फिरत होते. हे कॉटवर छत्री उघडून बसले आणि म्हणाले, "समितीला सांगू का?" मी लाटणं उचललं तेव्हा छत्री मिटली.

दशक संपता संपता ह्यांना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात नोकरी मिळाली. सामान बांधलं. मालक आता थकले होते, तरी चादर घेऊन आलेच. दालन भरलं होतं. ह्यांच्या खांद्यावर एक, माझ्या हातात एक. मग मालकांनी घसा खाकरला.

"आजपासून तुम्ही आमचे झालात," ते म्हणाले, आणि अडले. आम्ही तर निघालो होतो. पुढची दोन वाक्यं त्यांना त्या दिवशी म्हणताच येईनात. एवढ्या वर्षांत मालकांचं भाषण कधी अडलं नव्हतं. सगळे खाली बघायला लागले. मला काही ते बघवेना. मी पुढं झाले, कमरेची खोल्यांची किल्ली सोडली, त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, "मालक, ही वास्तू तुमच्या हाती दिली. सांभाळा."

मालकांचे डोळे भरले. माझे तर केव्हाचे वाहत होते. किल्ली मुठीत धरून ते हळूच म्हणाले, "सांभाळतो की. पर वैनी, पावसात भांडी कुटं कुटं ठिवायची, तेवढं दाखवून जावा."

मग सभा तशीच सोडून मी त्यांना मागच्या खोल्यांत घेऊन गेले आणि एकेक जागा दाखवली. पातेलं खिडकीखाली. परात चुलीच्या डाव्या अंगाला. कळशी दाराशी. देवघराच्या कोनाड्यापाशी ते थांबले आणि विचारलं, "आन् हितं?"

"इथं काही ठेवायचं नाही," मी म्हटलं. "इथं कधीच गळलं नाही."